'अ ब्युटिफुल माइंड'मधलं चुकलेलं गणित

गणितज्ञ जॉन नॅशवरचा हा २००१चा सिनेमा सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर घेऊन गेला. पण ज्या बारमधल्या प्रसंगात नॅशला त्याची 'नॅश समतोला'ची कल्पना सुचते, तिथलं उत्तर मुळात तो समतोलच नाही. सगळ्यांनी त्या सोनेरी केसांच्या मुलीचा नाद सोडून तिच्या मैत्रिणींकडे जावं, असं तो सुचवतो.

दोनच मित्र धरू. तिच्याकडे एकटा गेला तर ३ गुण, मैत्रिणीकडे गेला तर २, दोघंही तिच्याकडे गेले तर दोघांना शून्य. आता दोघंही मैत्रिणींकडे निघालेत, म्हणजे २-२. यातल्या कोणीही गुपचूप वाट बदलली की त्याचे ३ होतात. मग समतोल कसला? समतोल म्हणजे एकट्यानं निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. इथे ती एक तिकडे, एक इकडे अशी येते. किंवा प्रत्येकानं १/३ शक्यतेनं तिच्याकडे जायचं. मग दोन्ही वाटांची सरासरी २च पडते.

नॅशच्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं चित्रणही सैल आहे. पडद्यावर त्याला नसलेली माणसं दिसतात. खऱ्या नॅशला आवाज ऐकू येत. दृश्य माध्यम म्हणून तेवढं चालवून घेता येईल. पण १९९४च्या नोबेलच्या सुमारास तो नवी औषधं घेत असल्याचं वाक्य खटकतं, कारण १९७०नंतर त्यानं औषधं घेतलीच नव्हती. प्राध्यापक सन्मान म्हणून टेबलावर पेनं ठेवतात तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा रिवाजही निव्वळ पटकथेतला.