बँड बघायला चाललो

"बँड बघायला पुण्याला चाललोय" असं घरी सांगितलं तर आजीचा पहिला प्रश्न, "कोनं लगीन शे?" तिचंही बरोबर आहे म्हणा, आमच्या शहाद्यात बँड म्हणजे लाल कोट, पुढे नाचणारे मामेलोक आणि वरातीमागे अडकलेली एसटी. लग्न नाही, जेवण नाही, आणि नुसता बँड ऐकायला रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून जायचं हे तिला काही पटेना. आईने जास्त चौकशी केली नाही, दशम्या आणि ठेच्याचा डबा बांधून दिला.

बँड म्हणजे इंडियन ओशन. दिल्लीचा, १९९० साली सुरू झालेला. हॉस्टेलला असताना रूममेटच्या कम्प्युटरवर त्यांचा 'कंदिसा' ऐकला, २००० सालचा अल्बम, त्यातलं कंदिसा हे गाणं म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, भाषा अरमाईक, आणि आम्ही चार खानदेशी पोरं मेसमध्ये शेवभाजी ओरपता ओरपता ती तोंडपाठ म्हणायचो, एकाही शब्दाचा अर्थ माहीत नसताना. मग २००९ मध्ये बँडचे तबला वाजवणारे गायक असीम चक्रवर्ती वारले, २०१३ मध्ये गिटारवाले सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले, मला वाटलं झालं, आता यांना समोर बसून ऐकणं आपल्या नशिबात नाही.

क्लबच्या दारातच पहिला घोटाळा. सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडली, डबा काढला, झाकण उघडून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकला, बहुतेक ठेच्याने झटका दिला असावा. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. मागे लाइनीत सेंट मारलेली पोरंपोरी उभी आणि मी दशम्यांची बाजू लावून धरतोय! शेवटी समोरच्या पानटपरीवाल्याच्या हवाली डबा केला आणि आत गेलो. आत पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकून वाटलं ठेचा खाऊन आलो नाही तेच बरं.

जागा एवढीशी, आमच्या मंगल कार्यालयाची वधूपक्षाची खोली जरा मोठी असेल. स्टेज गुडघ्याएवढं. मी ढकलत ढकलत पुढे सरकलो तर राहुल रामचा बास गिटार माझ्यापासून दोन हातांवर, त्याचे ते लांब पांढरे केस, आणि तार छेडली की आवाज कानाआधी बरगड्यांत यायचा. इतकी वर्षं बारक्या इअरफोनवर ऐकलं त्यात बास नव्हताच मुळी, आपण अर्धंच गाणं ऐकत होतो हे तिथे कळलं. अमित किलाम ड्रम सोडून गबगुबी घेऊन बसला. काखेत धरायचा छोटा ढोलका, त्यातून निघालेली तार दुसऱ्या हातात, ती ताणली की सूर चढतो आणि सैल सोडली की घरंगळत खाली येतो, कोणीतरी हुंदका गिळल्यासारखा. बोटावर तारेचा वळ पडलेला दिसत होता, एवढ्या जवळ होतो.

आणि मग 'मा रेवा' सुरू झालं. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला माणूस, हे गाणं तिथूनच बँडमध्ये आलं. रेवा म्हणजे नर्मदा. म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या डोक्यावरून जाणारी, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांपलीकडची. शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून गेलं की जिथे पोचता येतं त्या नदीचं गाणं ऐकायला मी उलट्या दिशेने दोंडाईचा, धुळे, मालेगाव करत पुण्याला आलो होतो. हसूच आलं. शेजारचा पोरगा वाहत्या पाण्याच्या त्या ओळींवर डोळे मिटून डुलत होता, माझ्या डोळ्यांसमोर मात्र अप्पा आले. अप्पा मास्तर, त्यांची दोन वर्षं नर्मदाकाठच्या एका पाड्यावर गेली, तो पाडा आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे.

घरी आल्यावर अप्पांना मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात निम्मी धुपधुप, निम्मा माझाच बेसूर आवाज, वर कोणीतरी वन्स मोर ओरडतंय. अप्पांनी फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "ही धावणारी नर्मदा आहे. मी होतो तेव्हा अशी होती, रात्री झोपू द्यायची नाही एवढा आवाज. आता तिथे होडीत बसलं तर पाणी हलत पण नाही." आणि परत एकदा लाव म्हणाले. आजीपण येऊन बसली, तिला गबगुबी आवडली, सनईवाला मात्र कच्चा आहे म्हणाली, आता तिथे सनईवाला कुठून आला देव जाणे.

एवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "ते सगळं राहू दे रे, माझा डबा कुठंय?"

तो पुण्यात, पानटपरीवर.