‘काका, श्वास काढू नका’

चेंबूरमधल्या ज्या लहानशा स्टुडिओत मी ध्वनिमुद्रक म्हणून काम करतो, तिथे सर्वांत जास्त धावपळ १४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यांत असते. भीमगीतांचे गायक, कोरसवाले, ढोलकी-हलगीवाले यांची ये-जा रात्री उशिरापर्यंत सुरू राहते. उरलेले वर्ष भक्तिगीते, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी आणि अलीकडे रॅप यांवर निघते. रॅप करणारी मुले बहुधा गोवंडी-मानखुर्दकडची असतात; आपसांत वर्गणी काढून तासाचे पैसे भरतात, स्वतःची फुशारकी दणक्यात गातात आणि जातात. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे गाणे मात्र देवनारच्या कचराभूमीवर होते, आणि त्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात जेवढे वाद झाले तेवढे मी कुठल्याही प्रचारगीताच्या वेळी ऐकलेले नाहीत.

मुलाबरोबर त्याचा बीट बनवणारा मित्र लॅपटॉप घेऊन आला होता आणि खासगी कंपनीत नोकरी करणारा थोरला भाऊही होता. बीट मिनिटाला १४० ठोक्यांचा होता. मुलगा बूथमध्ये उभा राहिला आणि त्याने पहिला टेक दिला, तेव्हा माझ्या कानांवर केवळ वेग आला. कागद हातात घेतल्यावर कळले की त्यात अशा ओळी होत्या:

तुमच्या घरचा कचरा माझ्या दारात म्हातारा झाला,
खाडीच्या वाऱ्यासंगं माझ्या छातीत भाड्यानं राहायला आला.

असे लिहिणाऱ्याला शब्द गिळायला लावणारा बीट देणे मला पटेना, म्हणून मी त्यांना कंट्रोल रूममध्ये बसवून ‘द मेसेज’ ऐकवले. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाच्या नावावर १९८२ साली निघालेले हे गाणे मोडकळीला आलेल्या वस्तीतल्या जगण्याबद्दल आहे, आणि त्या काळातल्या नाचाच्या रॅपपेक्षा त्याची चाल मुद्दाम वाटावी इतकी संथ, शंभर ठोक्यांच्या आसपासची आहे. गंमत अशी की खुद्द गटालाच ते नको होते. लोक पार्टीत घरची दुःखे विसरायला येतात, तिथे ती पुन्हा कोण ऐकणार, असे त्यांचे म्हणणे होते. शुगर हिल रेकॉर्ड्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी आग्रह धरला, एड फ्लेचर आणि मेली मेल यांच्या आवाजांत ते मुद्रित झाले, आणि २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनासाठी निवडलेल्या पहिल्या पन्नास ध्वनिमुद्रणांत त्याला जागा मिळाली. एवढे सांगून झाल्यावर बीटवाला म्हणाला, “काका, भारी आहे, पण झोप येते.” म्हणजे गटाचीच हरकत चाळीस वर्षांनी चेंबूरमध्ये पुन्हा नोंदवली गेली. तरीही त्याने प्रोजेक्ट उघडून टेम्पो ९६ वर आणला आणि पुढच्या टेकमध्ये प्रत्येक शब्द स्वच्छ उभा राहिला.

शब्द ऐकू येऊ लागल्याबरोबर थोरला भाऊ अस्वस्थ झाला. तिसऱ्या कडव्यात एका स्थानिक लोकप्रतिनिधीचे नाव घेऊन त्याने कचऱ्याच्या कंत्राटात पैसे खाल्ल्याचे म्हटले होते. भावाने तिथे बीप टाकायला सांगितले. त्याची भीती निराधार नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर ‘पन्नास खोके’ असा उल्लेख असलेल्या गाण्यावरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला होता, आणि त्याच सुमारास मुंबईत आणखी एका रॅपरलाही पोलीस ठाण्याची वारी घडली होती. मी भावाला म्हणालो, “मुंगासेच्या गाण्यात तर कोणाचं नावही नव्हतं. नाव काढल्यानं माणूस सुरक्षित होतो, असं समजू नका. आणि बीप टाकलात तर ऐकणारा नेमका तिथंच कान देईल.”

माझी अडचण निराळी होती. कंत्राटातल्या पैशांबद्दल मुलाकडे पुरावा नव्हता. ते त्याने नाक्यावर ऐकले होते. कचराभूमी मात्र तो जन्मापासून पाहत होता. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला आणि उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, तेव्हा शाळांना मिळालेली सुट्टी त्याला आठवत होती. ज्याच्याजवळ एवढा माल आहे, त्याने ऐकीव आरोपावर ओळ का खर्चावी, असे मी त्याला विचारले. नाव ठेवायचे की नाही, हे त्याने ठरवावे, हेही सांगितले. तो चहा घेऊन जिन्यात जाऊन बसला आणि परत आला तेव्हा नावाच्या जागी त्याने “एकोणीसशे सत्तावीस” लिहिले होते. त्या वर्षी देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली. आता ओळीचा अर्थ असा झाला की त्याचा पणजोबा मुंबईत यायच्या आधीपासून हे शहर आपला कचरा त्याच्या पत्त्यावर पाठवत आले आहे. भावाला हायसे वाटले. माझ्या मते मात्र गाणे जास्त जहाल झाले होते, कारण पूर्वी आरोपी एक होता आणि आता चेंबूरमध्ये बसलेला मीही त्यात आलो होतो.

संध्याकाळी व्होकल साफ करायला घेतले. शाहीर माइकपासून हातभर लांब उभा राहतो, कारण त्याचा आवाज मैदानासाठी घडलेला असतो. रॅपर पॉप फिल्टरला, म्हणजे माइकपुढच्या जाळीला, नाक लावून बोलतो, त्यामुळे त्याचा श्वासही मुद्रित होतो. वर आवाजातला चढउतार कमी करणारा कॉम्प्रेसर लावला की शब्दांचा जोर दबतो आणि मधला श्वास आणखी ठळक होतो. असे श्वास मी नेहमीच कापतो किंवा दाबतो. या मुलाला लहानपणापासून दमा आहे. आठ बारचे, म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांचे, कडवे त्याला एका दमात झेपत नव्हते आणि ओळींच्या मध्ये छातीतली बारीक शिटी ऐकू येत होती. मी दोन श्वास कापले तेवढ्यात तो मागून म्हणाला, “काका, श्वास काढू नका. गाणं त्याच्यावरच आहे ना?” मी ते जागच्या जागी परत ठेवले आणि पहिल्या कडव्यानंतर बीट पूर्ण थांबवून तिथे एकच श्वास उघडा सोडला. बीटवाल्याला ते विचित्र वाटले. “तांत्रिक बिघाड आहे असं वाटेल लोकांना,” तो म्हणाला. वाटेलही, पण मिक्स तसाच गेला.

गाणे यूट्यूबवर आले आणि वस्तीत बऱ्यापैकी फिरले. पुढे एका कॉलेजच्या महोत्सवात त्याने ते गायले, तेव्हा मी मागे उभा होतो. मंचावर बीट पुन्हा १४० चा होता, मुले उड्या मारत होती आणि एकोणीसशे सत्तावीस कोणाच्याही कानावर पडले नसावे. नंतर मी त्याला तसे बोललो. तो म्हणाला, “काका, उभ्या पब्लिकला हलवलं नाही तर ते निघून जातं. शब्द घरी हेडफोन लावून ऐकतील.” यावर आमचे अजून जमलेले नाही. पुढच्या गाण्याचा बीट त्याने सध्या ११० वर बांधायला सांगितला आहे.