बारा मणी आणि एक राखणदार

जून लागला की माझ्या दुकानात माशा मारायचंच काम उरतं. लग्नं आटोपलेली असतात, चवथीचे ब्लाउज यायला अजून दीड महिना असतो आणि पाऊस असा कोसळतो की बाजारात कुत्रंही फिरकत नाही. वेंगुर्ल्यात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, मशीन ठेवून दोन माणसं उभी राहतील एवढंच. गेल्या पावसाळ्यात एक जुनी गिऱ्हाईक बाई घर बंद करून मुंबईला मुलाकडे चालली होती. जाताना तिने चिंध्या, लेस, बटणं भरलेलं खोकं माझ्याकडे आणून टाकलं. तळाशी पुस्तक होतं. पातळ, मोठ्या पानांचं, इंग्रजी. कसरीने एक कोपरा खाल्लेला आणि उघडलं की कुबट वास. मागाशिवाय, नुसत्या सुईदोऱ्याने मणी विणायचे टाके त्यात शिकवले होते.

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. पण चित्रं चांगली होती. आधी विणलेले मणी करड्या रंगात, नवे मणी लाल, आणि दोऱ्याची वाट बाण काढून दाखवलेली. मला वाटलं, तेवीस वर्षं सुई धरत्येय, मला काय शिकवणार हे!

पहिला दणका नंबरांनी दिला. आमच्या मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. चौदापेक्षा सोळा जाड, सोळापेक्षा अठरा. मण्यांचं नेमकं उलटं. आठ नंबरचा मणी मोठा, अकरा नंबरचा बारीक, पंधराचा तर मोहरीएवढासुद्धा नाही. पुस्तकात ११/० असं लिहिलेलं होतं, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचा मणी. हाताने ओवायच्या सुयांचंही तसंच, दहापेक्षा बारा बारीक. हे कळायच्या आधी मी ऑनलाइन आठ नंबरचे मणी मागवून बसले. बारीक मागवले असं समजून. पाकीट उघडलं तर मिरीचे दाणे वाटावेत असे.

मग भाच्याला सांगून भुलेश्वरहून अकरा नंबरचे आणले. एक पाकीट इकडचं स्वस्त आणि एक जपानी, अर्थात महाग. इकडच्या मण्यात एक पोटफुगा, एक चपटा, एकाला भोकच नाही. जपानी मणी मात्र साच्यातून काढल्यासारखे सारखे. पैशाकडे बघून मी इकडच्यांवरच शिकायचं ठरवलं. ताटात घेऊन तांदूळ निवडावेत तसे निवडायला बसले. आईंनी (माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले) पलीकडून विचारलं, "काय करतंस गो ह्या?" मी म्हटलं, मणी निवडत्येय. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. त्यांच्या बोटांना कमीजास्त लगेच लागतं, डोळ्यांची गरजच नाही.

मण्यांच्या सुईचं नेढं सुईच्या अंगापेक्षा रुंद नसतं. असून चालत नाही, कारण ते मण्यातून तीन-तीन, चार-चार वेळा जायचं असतं. त्यामुळे दोरा ओवणं हेच अर्धं काम. आम्ही शिंपीण माणसं दोरा तोंडात घालून ओला करतो, पीळ देतो आणि नेढ्यात खुपसतो. इथे तसं होत नाही. दोऱ्याचं टोक नखाने चपटं करायचं, चिमटीत जवळजवळ लपवायचं आणि सुई त्याच्यावर आणायची. दोरा जागचा हलत नाही, सुई त्याच्याकडे येते. हे एक मी आता दुकानातही करते.

पहिला टाका पेयोटी. नाव कॅक्टसवरून आलेलं. अमेरिकेतले मूळ रहिवासी ज्या निवडुंगाला पवित्र मानतात तो पेयोटी, आणि त्या पूजेतल्या वस्तूंच्या मुठींवर हे मणीकाम असतं म्हणून टाक्यालाही तेच नाव.

आधी एक मणी दोऱ्यात घालून त्याच्यातून पुन्हा सुई फिरवायची, म्हणजे तो जागेवर घट्ट बसतो आणि पुढचे मणी सुटून पडत नाहीत. काम झालं की तो काढून टाकायचा. पुस्तकात त्याला थांबायचा मणी म्हटलंय. मी त्याला राखणदार म्हणते. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या वेशीला कोणी ना कोणी असतोच, आरवलीला वेतोबा आहे तसा. माझा राखणदार त्या आठ नंबरच्या चुकलेल्या पाकिटातला. मोठा असल्यामुळे नजरेत राहतो. तेवढा तरी उपयोग झाला त्या पाकिटाचा.

राखणदारानंतर बारा मणी ओवले. मग तेरावा घ्यायचा, बारावा सोडायचा आणि अकराव्यातून सुई उलट दिशेने काढायची. चौदावा घेऊन दहावा सोडायचा, नवव्यातून जायचं. असं करत पहिल्यापर्यंत. एक सोड, एकात जा. तोंडाने म्हणायला किती सोपं! ही फेरी झाली की सुरुवातीला एका सरळ माळेत असलेले बारा मणी आपोआप दोन ओळींत वर-खाली होतात, दातेरी दिसतात आणि मग प्रत्येक नवा मणी दोन दातांमधल्या खाचेत जाऊन बसतो. म्हणजे ओवलेली एक ओळ पण मोजायच्या दोन. हे डोक्यात शिरायला मला आख्खी दुपार लागली.

डोक्यात शिरल्यावरही हातात येईना. तिसऱ्या ओळीला पट्टी कुरडईसारखी गोल वळायला लागली. उसवली. पुन्हा केली, पुन्हा वळली. चित्राशी ताडून बघितलं, दोऱ्याची वाट बरोबर होती. सहाव्यांदा उसवत असताना आई म्हणाल्या, "इतक्या आवळू नको गो. अबोली असती तर मान तुटली असती."

आई अजून रोज संध्याकाळी वळेसार, म्हणजे गजरे, करतात. केळीचा वाख भिजवून घेतात आणि त्यात अबोली गुंफतात. अबोलीचा देठ दोऱ्यासारखा बारीक. वाख जरा जोरात ओढला की फूल खाली आणि देठ हातात. सैल ठेवला तर डोक्यात माळेपर्यंत सगळी गळून जातात. या दोहोंच्या मधलं जे काही आहे ते साठ वर्षं त्यांच्या बोटात आहे. मी मात्र मशीनवाली, टाका आवळलेला चांगला एवढंच मला माहीत. पुस्तकात ताण सारखा ठेवा असं चार ठिकाणी लिहिलेलं आहे. सारखा म्हणजे केवढा ते बाण काढून दाखवता येत नाही. मी डाव्या हाताच्या तर्जनीवर पट्टी ठेवून अंगठ्याने नुसती दाबून धरायला लागले, दोरा बोटाभोवती एक वेढा घेऊन सोडला आणि दोरा ओढताना मणी मण्याला टेकला की तिथेच थांबायला लागले. सातवी पट्टी सपाट झाली. बोटभर लांब, मध्ये एक पोटफुगा मणी घुसल्यामुळे जरा फुगीर. ती अजून मशीनच्या खणात आहे.

विटांचा टाका त्यामानाने लवकर आला. त्यात सुई मण्यातून नाही, खालच्या ओळीतल्या दोन मण्यांच्या मधल्या दोऱ्याखालून घालायची आणि मग नव्या मण्यातून वर काढायची. वरचा मणी खालच्या दोघांच्या सांध्यावर बसतो. आता विटा कोणाला सांगता? आमच्याकडे जांभ्याचे चिरे. सांध्यावर सांधा आला तर भिंत उभी चिरते हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी त्याला चिऱ्याचा टाका म्हणते. मजा अशी की विणून झाल्यावर पेयोटी आणि चिऱ्याचा टाका दिसायला एकच, फक्त एक आडवा धरा आणि दुसरा उभा. चिऱ्यांत दर ओळीला एक मणी आपसूक कमी होतो, त्यामुळे त्रिकोण मिळतो. कानातली करायला एकदम सोयीचं.

हेरिंगबोनला मी जास्त वेळ दिला नाही. दोन-दोन मणी एकदम घ्यायचे, ते एकमेकांकडे कलतात आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी येते. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले लोकांचं नाव या टाक्याला दिलेलं आहे, तिकडच्या बायका असं काम करत आल्यात म्हणून. दिसतं झकास. पण पहिली ओळ पोटफुग्या मण्यांवर उभीच राहत नाही, आणि जपानी पाकीट फोडायला माझा जीव होत नव्हता.

जाळीच्या टाक्याच्या वेळी भावोजींनी डोकं घातलं. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, त्यामुळे ते पडवीत जाळं पसरून दुरुस्तीला बसलेले. मी पाच मणी घ्यायचे, आधीच्या कमानीच्या मधल्या मण्यातून जायचं, पुन्हा पाच, असं चालवलं होतं. त्यांनी ते हातात घेऊन ताणून बघितलं आणि विचारलं, "गाठ खंय ह्याच्यात?" गाठ नव्हती. जाळ्यात प्रत्येक आसाला, म्हणजे भोकाला, चारी कोपऱ्यांत गाठ असते. एक आस फाटला तरी शेजारचा धरून ठेवतो. माझं एका जागी तुटलं तर सगळं घरभर. त्यांचं बरोबर होतं. पुस्तकातही शेवटी दोरा जिरवताना मण्यांच्या मध्ये अर्ध्या गाठी मारत, तीन-चार मणी मागे जाऊन मग कापायला सांगितलंय. पण ते मागच्या पानावर, आणि मागची पानं मी वाचली नव्हती.

नंतर मोबाईलवर शोधताना बॉस्टनच्या संग्रहालयातला इजिप्तचा एक मण्यांच्या जाळीचा पोशाख सापडला. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, गिझाच्या एका थडग्यातला. १९२७ साली उकरून काढला तेव्हा दोरा कधीच कुजून गेला होता, पण काही मणी अजून आपल्या जागेवर पडलेले होते. त्यांवरून नक्षी ओळखून सुमारे सात हजार मणी पुन्हा ओवले. भावोजींना फोटो दाखवला. म्हणाले, "बरा आसा. पण मासो गावाचो नाय ह्याच्यात."

न वाचलेल्या पानांनी आणखी एक फटका दिला. पोवळ्याच्या रंगाचे मणी ऑनलाइन मागवले होते. गळ्यालगतचा पट्टा केला आणि हौसेने मंगळागौरीला फिकट पिवळ्या ब्लाउजवर घातला. पावसाळ्यातला दमट घाम, आणि नाचून झाल्यावर बघते तर गळा गुलाबी, ब्लाउजही गुलाबी. मणी आतून कोरे पांढरे निघाले. विकणाऱ्याने हात वर केले. पुस्तकात पान नऊवर चित्रासकट दिलेलं होतं: नवे मणी आले की दोन-चार मणी नेलपॉलिश काढायच्या पाण्यात टाकून ठेवा, रंग सुटतो का बघा.

आणि मग आला काटकोनाचा टाका. चार मण्यांचं एक घर. दोरा एका घरात उजवीकडून फिरला की पुढच्यात डावीकडून फिरायचा. सरळ कधीच जायचा नाही, कायम वळणावरून. चुकून सरळ गेला की चौकात दोरा उघडा पडतो. मी दोन दिवस चुकत होते, पान उघडं टाकून. आईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं. बराच वेळ. मग मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली.

ट्रंकेत त्यांच्या रुखवतातली मण्यांची पर्स होती. मोठे प्लास्टिकचे मणी, हिरवे-पांढरे, तंगुसात (नायलॉनच्या दोरीत) विणलेले. तंगूस पिवळा पडून काडीसारखा कडक झालेला, एक कोपरा तुटून मणी तळाशी. मी जवळ घेऊन बघितलं, चार मण्यांचं घर, त्याला चिकटून चार मण्यांचं घर. तोच टाका. फरक एवढाच, पुस्तक एका सुईने दोरा फिरवतं आणि आईंनी तंगुसाची दोन्ही टोकं एका मण्यातून समोरासमोर काढली होती. सुई नाहीच, तंगूसच ताठ असतो. टोकं एकमेकांना भेटून ओलांडली की घर बंद. चुकायला जागाच नाही. ती रीत मी दहा मिनिटांत शिकले आणि मग पुस्तकातली एका सुईची वाटही कळली, कारण आता घर कुठे संपतं ते दिसत होतं.

पर्सचा कोपरा दुरुस्त करायला तंगूस नको होता, पुन्हा कडक होऊन तुटला असता. पुस्तकात फायरलाइन नावाचा दोरा सुचवलेला आहे. तो मूळचा मासे गरवायचाच, बारीक धागे विणून केलेला. इतका शोधत बसले आणि विणलेली गरवायची दोरी पुतण्याच्या पेटीत पडलेली! त्याच्याकडून वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून होते तेवढी, मागून घेतली. सांगितलं नाही की दोन वाव कापली.

कोपरा झाला. आईंनी पर्स उलटसुलट केली, नवे चौक जुन्यांपेक्षा जरा घट्ट आलेत हे बोटाने बरोबर ओळखलं आणि म्हणाल्या, "अजून आवळतंसच." मग त्यात तपकिरीची डबी आणि देवळात टाकायची चिल्लर घालून बघितली. आता बोटी सुरू झाल्यात, चवथीचे ब्लाउज येऊन पडलेत, आणि पुतण्या काल रिळावर दोरी कमी कशी म्हणून विचारत होता. मी आईंकडे बोट दाखवलं.