अर्धी बाटली

आज इंदूरजवळ राऊच्या बायपासवरून बाईक घसरलेला मुलगा आमच्या अँब्युलन्समध्ये उचलला. मांडीचं हाड मोडलेलं, पँट रक्तानं चिकट. आधी पट्टी दाबून बांधली, हाड हलू नये म्हणून स्प्लिंट लावला. सोबत लोकमान्य नगरचे काका, त्यांचं सारखं एकच: "अहो ताई, सलाईनची बाटली भराभर सोडा ना!" माझी बोटं मुलाच्या मनगटावर. नाडी बारीक, पण लागत होती. बोललेलं त्याला कळत होतं. म्हणून २५० मिलीवर थांबले. काकांना कंजूषपणाच वाटला असणार. पण धो-धो सलाईननं रक्त पातळ होतं, बीपी चढून नुकती धरलेली गुठळी सुटते. (डोक्याला मार असता तर हिशेब वेगळा.) एमवाय हॉस्पिटल येईपर्यंत अर्धी बाटली वर डुलत होती. काका तिच्याकडेच बघत होते.