डाउनलोडची क्यू शेवटी भरली, आणि मग मीच ती उडवली

सापडलं एकदाचं! घरच्या नेटला राउटर म्हणून ओपनबीएसडी (ऑपरेटिंग सिस्टम) टाकलेला डबा लावलाय, आणि त्यातल्या पीएफ या फायरवॉलने ट्रॅफिक क्यूत, म्हणजे रांगांत वाटायचं होतं, डाउनलोड चालू असताना व्हिडिओ मीटिंग अडकू नये म्हणून. नऊ संध्याकाळी गेल्या आणि शेवटचा घोळ पीएफच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, पीएफ डॉट कॉन्फमध्ये, नव्हताच.

अपलोडचं मागेच जमलेलं, डाउनलोड अडलं होतं. पीएफ पॅकेट बाहेर पडतानाच क्यूत घालतं, म्हणून डाउनलोडची क्यू ईएम१ या नेटवर्क पोर्टला, म्हणजे घराकडच्या बाजूला. मीटिंगसाठी एक वेगळी, बाकी सगळं डिफॉल्टमध्ये. आणि सिस्टॅट क्यूज (क्यूंचे आकडे दाखवणारी कमांड) उघडून बघतो तर मीटिंगच्या क्यूत शून्य पॅकेट. पहिली चूक लगेच दिसली, रूलमध्ये ईएम० वाल्या, म्हणजे इंटरनेटकडच्या पोर्टच्या क्यूचं नाव राहिलेलं, आणि पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्यावर रूलमधल्या नावाची क्यू नसली की पीएफ गपचूप डिफॉल्टमध्ये ढकलतं, एरर नाही की काही नाही. नाव बदललं, रीलोड केलं, तरी शून्यच. मग रूल वर घे, खाली घे, क्विक (म्हणजे इथेच थांब, पुढचे रूल बघू नको) लाव, काढ, केबल बदल, नेटवर शोधावं तर अजून ऑल्टक्यू या जुन्या क्यू पद्धतीचीच ट्युटोरियल्स येतात (अहो, ओपनबीएसडीने ते ५.६ मध्येच काढलं, २०१४ ला!), बायको म्हणाली आधीचं नेट काय वाईट होतं.

झालं असं की टेस्टसाठी मी एकच व्हिडिओ कॉल चालू ठेवून रीलोड मारत होतो. चालू कनेक्शनची स्टेट, म्हणजे पीएफने ठेवलेली नोंद, जुन्याच क्यूला चिकटून बसते, नवा रूल फक्त नव्या कनेक्शनला. सगळ्या स्टेट्स फ्लश केल्या, डब्यात लांबून लॉगिन केलेलं एसएसएच पण लटकलं अर्थात, परत लॉगिन करून बघतो तर पॅकेट धो धो! लाईन १०० एमबीपीएसची, ९० ला बांधलीये, म्हणजे रांग आयएसपीकडे न लागता आपल्याच डब्यात लागते. भर डाउनलोडमध्ये पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) १९० मिलिसेकंदांवरून २२. लॅमिंग्टन रोडवरून उचललेलं सेकंड हँड इंटेल कार्डही एकदा कुरकुरलं नाही, घ्या बिनधास्त.

पण हे टाइप करताना डोक्यात आलं, मीटिंग ओळखायचा खटाटोप कशाला? ओपनबीएसडी ६.२ पासून पीएफमध्ये फ्लोज आहेच की, म्हणजे एफक्यू-कोडेल ही रांग वाटायची पद्धत, प्रत्येक कनेक्शन आपोआप वेगळं होतं. अर्धा तास हे बाजूला ठेवून दोन्ही इंटरफेसवर एकेक ओळ टाकली, फ्लोज १०२४, बँडविड्थ आणि मॅक्स. पिंग १३! मग काय, नऊ दिवसांच्या मेहनतीच्या सगळ्या क्यू डिलीट.

आता नवीनच. त्याच डब्यावर सांबा (घरात फाईली शेअर करणारा सर्व्हर) चालतं, आणि फाईल कॉपीसुद्धा ईएम१ मधूनच बाहेर पडते, त्यामुळे घरातल्या घरात ९० ला अडकलीये. तिला वेगळी क्यू द्यावी की सांबाच दुसऱ्या मशीनवर हलवावं? कपाटात एक जुना लॅपटॉप पडलाय, रविवारी काढतो.