पाचाचं शून्य

मस्कतच्या एका कॉलेजात मी संशोधन सहायक होते तेव्हाची गोष्ट. ओमानी विद्यार्थ्यांना कशाकशाची भीती वाटते आणि समुपदेशकाकडे जाण्याबद्दल त्यांचं मत काय, हे प्रश्नावलीतून मोजायचं होतं. भीतीच्या प्रश्नावल्यांना तोटा नाही. मानसशास्त्रज्ञ वोल्पे आणि लँग यांची १९६४ची आहे, मुलांसाठी ओलेंडिक यांची १९८३ची, चांगली ८० कलमांची. त्यातलं हवं ते उचलायचं, अरबीत न्यायचं, झेरॉक्स काढून वाटायचं. महिनाभराचं काम, असं मी घरी फोनवर सांगून टाकलं होतं.

भाषांतराची रीत ठरलेली असते. एकाने इंग्रजीतून अरबी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून सगळ्यांनी भांडायचं. माझं अरबी जेमतेम. तरी ‘फिकीर’ अरबीतूनच आपल्याकडे आलाय ना, म्हणून ऐटीत ‘फिक्र’ सुचवला. आमच्या उस्ताझा, म्हणजे प्राध्यापिका बाई, खळखळून हसल्या. फिक्र म्हणजे नुसता विचार, काळजीला कलक. ‘मी घाबरलेला आहे’ म्हणावं तर मुलींचं काय? तिथे ‘अखाफ’ कामी आला. आपल्या ‘घाबरतो-घाबरते’सारखी भानगडच नाही, मुलगा-मुलगी दोघांनाही तोच चालतो.

नकारार्थी वाक्यांनी मात्र दमवलं. ‘मला परीक्षेची भीती वाटत नाही’ यापुढे एखादीने ‘नाही’ लिहिलं, तर ती भित्री की धीट? दोन मुलींना विचारलं, दोघींनी दोन अर्थ सांगितले. अशी सगळी वाक्यं आम्ही काढूनच टाकली.

मृत्यूबद्दलच्या प्रश्नाला तर पहिल्याच चाचणीत एका मुलाने अडवलं. ‘मिस, मरणाची भीती विचारताय की मरणानंतरची?’ आमच्या भाषांतरात याला उत्तर नव्हतं. अहमद अब्देल-खालेक यांच्या मृत्यूच्या भीतीच्या मोजपट्टीत होतं. ती मुळात अरबी भाषकांसाठीच बांधलेली, २० विधानांची, इजिप्त, कुवेत आणि सीरियात तपासून २००४ साली छापलेली. कबरीतल्या यातनांची भीती त्यात वेगळी विचारली आहे. आम्ही तीच घेतली. पण ते पान आलं की वर्गात शांतता पसरायची. एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. आजी जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यानंतर हे पान मधोमध घातलं, आणि नको असेल तर सोडा, हे मी दर वेळी दोनदा सांगायला लागले. आधीच सुचायला हवं होतं.

आता माझा पराक्रम. प्रत्येक विधानापुढे चौकोनात १ ते ५ यांपैकी आकडा लिहायचा होता. १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे खूपच. मुलांनी आकडे त्यांच्या पद्धतीचे लिहिले. त्यांचा पाच म्हणजे नुसतं गोल, आपल्या शून्याची सख्खी बहीण. त्यांचं शून्य म्हणजे टिंब. चार आपल्या सहासारखा दिसतो, म्हणून तो मी नीट पाठ केला होता. गोलाचा संशयच आला नाही. शून्य हा पर्याय नसतानाही, ‘अजिबातच नाही’ म्हणून लिहिलं असेल, असा अर्थ लावून मी दुपारभर एक्सेलमध्ये शून्यं भरत बसले. सर्वांत घाबरलेली मुलं माझ्या तक्त्यात सर्वांत निर्भय. संध्याकाळी उस्ताझांनी पडद्याकडे पाहिलं, एक फॉर्म उचलला, गोलावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘खम्सा.’ पाच. बास. सगळा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा भरताना मी आकड्यांच्या खालीही वाचायला लागले. शेवटी एक मोकळी ओळ ठेवली होती: आणखी कशाची भीती वाटते? तिथे जिन होते, दृष्ट लागणं होतं, गाडीच्या लायसन्सची टेस्ट होती. बहला गावच्या एका पोराने ‘आमच्याकडच्या जिनांना सगळे उगाच घाबरतात’ असं लिहून खाली हसरा चेहरा काढला होता. आणि बातिना किनाऱ्याकडच्या बऱ्याच फॉर्मांवर एकच शब्द: वादी. एरवी कोरडं पडलेलं नदीचं पात्र, डोंगरात पाऊस झाला की गाड्या वाहून नेतं. ऑक्टोबर २०२१मध्ये शाहीन वादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं होतं. आमच्या प्रश्नावलीत ‘खोल पाणी’ होतं, त्यापुढे त्यातल्याच कितीतरी जणांनी १ लिहिला होता.

त्याच किनाऱ्यावरच्या सुवैकच्या एका मुलीने वादीपुढे कंसात गोल काढलं होतं. यावेळी मी ते बरोबर वाचलं. भरायला रकाना मात्र नव्हता.