आंबा घाटातली रात्र

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालं की मलकापूरनंतर रस्ता चढणीला लागतो, आंबा गाव येतं आणि मग सुरू होतो घाटाचा उतार. वर शाहूवाडी तालुका, पायथ्याला साखरपा. याच उतारावर, रात्रीची जेवणं आटोपायच्या वेळेला, आमच्या गाडीचा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर सरकला. आमच्या जुन्या गाडीत एकच पट्टा अल्टरनेटरही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. तो तुटला की चार्जिंग थांबतं, इंजिनातलं पाणीही फिरायचं थांबतं. बॉनेटखालून वाफ यायला लागली. डाव्या हाताला कठडा होता. त्याला चिकटवून गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. बरोबर बायको आणि सत्तरीतली आई. फोनला रेंज नाही. पाऊस संपून महिना झाला होता, तरी धुकं होतंच, आणि आम्ही नेमके वळणाच्या तोंडाशी.

वरून भाजीचा एक टेम्पो आला. पुढे जाऊन थांबला. चालक उतरला तो थेट आईच्या दाराशी गेला.

"मावशी, आत बसू नगा. कठड्याच्या कडंला, गाडीपास्नं लांब उभ्या ऱ्हावा."

आईला बाजूला घेतल्यावरच त्यानं मला विचारलं, "काय झालंय, पावणं?"

तोवर त्याच्या क्लीनरनं चाकांखाली दगड लावलेही होते. मग त्या पोरानं कडेच्या झुडपांचे टहाळे मोडले आणि वरच्या वळणाच्या पलीकडे जाऊन थोड्या थोड्या अंतरावर रस्त्यात टाकत आला. अंधारात उतरणाऱ्या गाडीला रस्त्यात पाला दिसला की चालक ओळखतो, पुढे काहीतरी बंद पडलंय. हे मला ऐकून माहीत होतं. त्या रात्री पाठोपाठ दोन ट्रक त्या पाल्यापाशी वेग कमी करून आमच्या बाजूनं अलगद निघून गेले, तेव्हा त्याचं मोल कळलं. घाटात रोज रात्र काढणाऱ्यांच्या मदतीला एक क्रम असतो. आधी माणसं, मग मागून येणारी वाहनं, आणि गाडीत काय बिघडलंय ते सगळ्यांत शेवटी.

मी म्हटलं, दोर बांधून खाली ओढत नेता येईल का? त्यानं साफ नकार दिला. "इंजिन बंद आसलं की दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेक दगडावानी हुतोय. उतारावर दोर कामाचा न्हाई." बॅटरीच्या उजेडात त्यानं इंजिनाच्या फटीतून तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा हुडकून काढला. त्यावर नंबर वाचता येत होता. "ह्यो घेऊन साखरप्याला चला. मिस्त्री वळखीचा हाय."

बायकोला आणि आईला घाटात सोडून कसं जायचं, हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. "पोरगं थांबतंय हितं," तो म्हणाला.

तेवढ्यात खालून मासळीची गाडी चढत आली. मिरकरवाड्याचा माल, कोल्हापूरकडे निघालेला. बर्फ वितळायच्या आत बाजार गाठायचा असतो, या लोकांना एकेक मिनिट मोजून असतं. तरी तो थांबला. काय हवंय विचारलं, पाण्याचा कॅन उतरवून ठेवला आणि रत्नागिरीत वाट बघणाऱ्या माझ्या मेव्हण्याचा नंबर लिहून घेतला. "वर आंब्यात रेंज मिळते. सांगतो, सगळे बरे आहेत म्हणून."

टेम्पोत बसून खाली जाताना चालक वळणं दाखवत होता. जुलै २०२१ च्या पावसात घाट कुठे कुठे खचला होता, तेव्हा अणुस्कुऱ्यानं किती वळसा पडायचा, सगळं त्याला पाठ. मागे भाजी होती, पहाटे मंडईत पोचायला हवी होती. त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

मिस्त्री झोपेतून उठला, तुकडा बघितला, भिंतीवरच्या खिळ्याचे पट्टे चाचपले. नेमका तो नंबर नव्हता. लांबीला किंचित मोठा होता, तो घेऊन त्यानं मोटरसायकलला किक मारली. मी मागे बसलो. टेम्पो मात्र साखरप्यातच थांबला, क्लीनर परत येईपर्यंत.

वर पोचलो तेव्हा क्लीनर आईला आपल्या गावच्या जत्रेचं काहीतरी सांगत होता आणि आईच्या खांद्यावर त्याची शाल होती. मिस्त्रीनं अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, पट्टा चढवला, पान्याच्या दांड्यानं अल्टरनेटर बाहेर रेटून ताण दिला. अंगठ्यानं दाबून बघितलं, पुन्हा थोडा ताणला. इंजिन निवलं होतं, तेव्हाच रेडिएटरचं झाकण उघडून कॅनमधलं पाणी ओतलं. चावी फिरवली, दिवा विझला.

मी निघायच्या घाईत होतो. क्लीनरनं थांबवलं. त्यानं चाकांखालचे दगड उचलून कठड्यापलीकडे टाकले, वर जाऊन सगळे टहाळे गोळा केले. घाटात मागे राहिलेल्या दगडांवर रात्री मोटरसायकली आपटतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

साखरप्यात मिस्त्रीनं पट्ट्याचे आणि दिवसा घेतो तेवढेच मजुरीचे पैसे घेतले. टेम्पोवाल्यानं काहीच घेतलं नाही. मी फार आग्रह केला तेव्हा तिघांचा चहा माझ्याकडून झाला, तोही बायको मध्ये बोलली म्हणून. पालीपर्यंत तो आमच्या मागेच राहिला. काटा वर चढला तर थांबता यावं म्हणून.

रत्नागिरीला पोचलो तर मेव्हणा दारात उभा. आंब्याहून मासळीवाल्याचा फोन आला होताच. त्यानंतर त्यानं मलकापुरातून पुन्हा एकदा फोन केला होता, आम्ही घाट उतरलो का ते विचारायला.